फॉर्मवर 'उदमांजर' छापलं होतं

कर्ली खाडीच्या काठाने आमचा पाणमांजरांचा सर्व्हे चालू होता, म्हणजे घरोघरी जाऊन मच्छीमारांना विचारायचं, दिसतं का, कुठे, जाळी फाडतं का, आणि ओहोटी लागली की चिखलात उतरून खुणा शोधायच्या. चार दिवसांत माझे 61 फॉर्म भरून झालेले.

पाचव्या दिवशी एका आजोबांच्या पडवीत बसले. "उदमांजर दिसतं का?" "नाय." मी 'नाही'वर टिक केली, पुढचे सगळे प्रश्न आपोआप बाद. मग चहा आला. चहा पिताना ते जाळ्याला पडलेलं भोक दाखवून म्हणाले, ह्या ऊदांनी फाडल्यानी. म्हटलं आजोबा, आत्ता तर नाय म्हणालात!

"गो बाय, तू उदमांजर इचारलंस. ता माडार चडता. ऊद पाण्यातलो!"

पोटात गोळाच आला. आमचा फॉर्म मुळात हिंदीत होता. हिंदीत पाणमांजराला ऊदबिलाव म्हणतात, बिलाव म्हणजे बोका, मग ऑफिसात कुणीतरी सरळ उदमांजर करून टाकलं. ऊद हा शब्द संस्कृत 'उद्र'वरून आलेला, त्याचा अर्थच पाण्यातलं जनावर, पण मराठीत उदमांजर म्हणजे रात्री माळ्यावर धावणारं, फळं खाणारं वेगळंच जनावर. आणि बिळासाठी फॉर्मवर 'गुहा' छापलेलं! खाडीत कसली गुहा? छापायच्या आधी गावात एक फोन केला असता तर कळलं असतं, पण मच्छीमाराला विचारायचं फक्त उत्तर, शब्द मात्र आमचे, ही सवयच लागलीय.

आजोबा मला कांदळवनाच्या टोकाला एका उघड्या खडकावर घेऊन गेले. असली जागा मी चार दिवस शोधत होते. ऊद कुटुंबाने राहतात आणि एकाच ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा हगतात. ताजी विष्ठा काळी, चिकट, माशाचा उग्र वास, जुनी पांढुरकी, बोटाने चुरली की नुसते खवले आणि कुर्लीच्या कवचाचे तुकडे हातात येतात. उदमांजराच्या विष्ठेत बहुतेक वेळा फळांच्या बिया सापडतात, एकदा बघितलं की माणूस चुकत नाही. शेजारच्या चिखलात ठसे, पाच बोटं, मधे पडद्याची पुसट रेघ. आजोबांचं घर तिथून पाच मिनिटांवर, आणि माझ्या फॉर्मवर त्यांचं उत्तर 'नाही'.

रात्री सगळे फॉर्म पसरून बसले. 'हो' वाले निवडता येतात, जागेच्या रकान्यात माळा, माड, काजू असेल तर उदमांजर, जाळं किंवा खाजण असेल तर ऊद. एका काकूंनी विहिरीपाशी, रात्री, एवढंच सांगितलंय, ते काहीही असू शकतं. पण 'नाही' वाल्यांचं काय करू? त्यांचे पुढचे रकाने कोरेच आहेत, आजोबांसारखे त्यात किती जण आहेत ते कागदावरून कळायला मार्गच नाही. ऑफिसातून सांगितलं, आहे तोच डेटा भर, वेळ नाही. मी भरलेला नाही. सोमवारपासून 'नाही'ची घरं परत घेतेय, स्वतःच्या गाडीने, आणि या वेळी विचारणार आहे, पाण्यात काय काय दिसतं, त्याला तुम्ही काय म्हणता.