आमची वाटचाल : मिरी, मसाला आणि करार

२००६ साली कुडाळजवळ एक कांडप यंत्र घेऊन आम्ही मालवणी मसाला करायला लागलो. मिरी आसपासच्या बागांतलीच, सुपारीवर चढवलेल्या वेलींची.

२०१६ ला किलोला सातशे रुपयांच्या घरात असलेली मिरी दोन वर्षांत चारशेच्या खाली आली. बागायतदार विचारायचे, असं का? मीही शोधत बसलो. आसियान, म्हणजे व्हिएतनामसह आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाशी झालेला व्यापार करार २०१० पासून लागू झाला. त्यात मिरीवरचं आयात शुल्क ७० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ५० वर यायचं होतं. पण श्रीलंकेशी २००० पासूनच वेगळा करार आहे : वर्षाला २,५०० टन मिरी बिनशुल्क, त्यापुढच्या मालाला साफ्टा या दक्षिण आशियाई देशांच्या व्यापार कराराखाली ८ टक्के. एवढी तफावत असली की व्हिएतनामची मिरी श्रीलंकेत पिकल्याचा दाखला घेऊन येते, ही बागायतदारांची जुनी तक्रार.

२०१७ मध्ये मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून 'श्रीलंकेची' म्हणून मीही दहा गोणी स्वस्तात उचलल्या. ती कुठली होती, आजही सांगता येणार नाही. मिरीचा दाणा भरीव असला की मापात वजन जास्त भरतं; ही लिटरच्या मापात भरून तोलली तर पाचशे ग्रॅमही भरेना. आमच्याकडची साडेपाचशेच्या वर भरते. पंधरा दिवसांत एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला, "यंदाच्या मसाल्याक वासच नाय ओ." उरलेला सगळा मसाला मी परत घेतला.

त्याच डिसेंबरात केंद्राने मिरीची किमान आयात किंमत किलोला ५०० रुपये केली. आम्ही तेव्हापासून मिरी फक्त इथलीच घेतो, बाजारभावापेक्षा थोडे जास्त देऊन.

करारच नकोत, असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या गरम मसाल्याला लागणारी लवंग इथे पुरेशी होत नाही. ती श्रीलंकेहून येते आणि त्या करारामुळेच परवडते. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारत आरसेप या आशिया-प्रशांत देशांच्या मोठ्या व्यापार करारातून बाहेर राहिला तेव्हा मला हायसं वाटलं, कारण व्हिएतनाम त्यात होता. पण त्याहून मोलाचा वाटला तो सप्टेंबर २०२० चा नियम : कराराच्या शुल्कसवलतीत माल आणणाऱ्याने तो खरोखर कुठे पिकला याची माहिती स्वतःजवळ ठेवायची. खोट्या दाखल्याने इथल्या बागायतदाराच्या घामाचा भाव पडतो, ही चीड अजून गेलेली नाही.

ते लिटरचं माप काट्याशेजारीच असतं. परवा शेजारच्या वाडीतून आलेली मिरी ५७० ग्रॅम भरली. पैसे त्याच दुपारी दिले.