मॉरिशसची क्रिओल, आठवडा ७: फ्रेंच आडवी येतेय

फ्रेंच येत असल्यामुळे क्रिओलचे (मॉरिशसमधे बोलली जाणारी, फ्रेंचमधून घडलेली भाषा) शब्द मला पटापट कळतात पण वाक्य बनवायला गेलं की तीच फ्रेंच आडवी येते, हे या आठवड्यात पक्कं समजलं.

शब्दच बघा ना. फ्रेंचमधली आर्टिकलं (नामाआधी येणारे 'ला', 'ले' सारखे छोटे शब्द) इथे शब्दांना कायमची चिकटलीयत. तांदूळ 'दिरी', पाणी 'दिलो', घर 'लाकाझ', पक्षी 'झ्वाझो' (फ्रेंच 'ले झ्वाझो' मधला झ तसाच उचललाय). म्हणून माझं घर म्हणजे 'मो लाकाझ'. फ्रेंचमधे 'माझं' आणि 'ला' एकत्र येऊच शकत नाहीत, इथे चालतं कारण तो 'ला' आता आर्टिकल राहिलेलाच नाही! ठरावीक कुत्रा सांगायचा तर वेगळा 'ला' मागे लावायचा, 'लिसिएन ला', आणि माझ्या मराठी कानाला ते दर वेळी 'कुत्र्याला' असंच ऐकू येतं, तीन दिवस गेले ती सवय मोडायला. श चा स होतो, त्यामुळे फ्रेंचमधली 'शा' म्हणजे मांजर इथे चक्क 'सात'.

क्रियापदांच्या तर मी प्रेमातच पडलोय. मी-तू-आम्ही प्रमाणे शेवट बदलायचे नाहीत, आधी एक छोटा शब्द ठेवायचा की झालं. 'मो ती मांझे' जेवलो, 'मो पे मांझे' जेवतोय, 'मो पू मांझे' जेवणार, आणि 'मो फिन मांझे' म्हणजे अगदी आपलं 'माझं जेवून झालंय', तो फिन पण फ्रेंच 'संपवणे' मधूनच आलाय. लिंग नाही, 'मी आजारी आहे' ला नुसतं 'मो मालाद'.

याला कुणी मोडकी फ्रेंच म्हणालं की खरंच वाईट वाटतं. मादागास्कर आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या तोंडी ही भाषा घडली, १८१० मधे इंग्रज आले तरी टिकली, आणि १८३४ पासून करारावर मजूर यायला लागले, त्यात आपल्या कोकणातली माणसं पण होती, त्यांनीही हीच उचलली. प्राथमिक शाळेत विषय म्हणून यायला मात्र २०१२ उजाडलं.

सध्या अडलंय ते आखूड रूपांवर. पुढे कर्म आलं की 'मांझे' चं 'मांझ' होतं, 'मो पे मांझ दिरी'. नियम पाठ आहे, पण काल स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं तर वीसपैकी अकरा वाक्यं चुकलेली. पुढचा आठवडा फक्त हेच, रोज स्वयंपाक करताना मोठ्याने बोलत.