कोचीला राहायचं कुठे? आधी वार बघा, मग हॉटेल

कोचीला जाऊन आले तेव्हापासून निदान पाच जणांनी विचारलंय की हॉटेल कुठलं घेतलंस, लिंक पाठव. लिंक पाठवत नाही, कारण पहिलं हॉटेल चुकलं होतं आणि दुसरं हॉटेलच नव्हतं, एका घराच्या वरच्या मजल्यावरची खोली होती. त्यापेक्षा काय चुकलं ते लिहिते, ते जास्त कामाला येईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात घ्या, जी मी घेतली नव्हती. कोची म्हणजे एक सलग गाव नाही. एका बाजूला एर्नाकुलम, म्हणजे रेल्वे स्टेशन, मेट्रो, मॉल, एमजी रोड, साड्यांची भलीमोठी दुकानं, ट्रॅफिक. मधे पाणी. पलीकडे फोर्ट कोची आणि मट्टनचेरी, जे फोटो बघून आपण तिकीट काढतो ते सगळं तिकडे. आणि मधल्या पाण्यात विलिंग्डन आयलंड, जे मुळात एक इवलंसं बेट होतं, बाकी बहुतेक सगळी जमीन रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज इंजिनिअरने गेल्या शतकात बंदर खोल करायला जो गाळ उपसला त्याची भर टाकून केलेली आहे. बुकिंग साइटवर मात्र सगळीकडे नुसतं 'कोची' लिहिलेलं असतं, नकाशावर बोटभर अंतर दिसतं, म्हणून मी स्टेशनजवळचं स्वस्तातलं एर्नाकुलमचं हॉटेल घेऊन टाकलं, आई बरोबर होती, सामान होतं, म्हटलं उतरलं की खोलीत.

पनवेलला नेत्रावतीत बसलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी एर्नाकुलम. गुरुवार होता. हॉटेल वाईट नव्हतं, स्वच्छ होतं, फक्त 'बॅकवॉटर व्ह्यू' म्हणून जे पाचशे रुपये जास्त घेतले होते तो व्ह्यू म्हणजे दोन बिल्डिंगच्या फटीतून दिसणारी पाण्याची एक चिंचोळी पट्टी, तीही पाण्याच्या टाकीला वळसा घालून मान वाकडी केली तर. नवरा म्हणाला टाकीतही पाणीच आहे, व्ह्यू झाला.

खरा घोळ शुक्रवारी झाला. सकाळी आरामात आवरून, इडली खाऊन, रिक्षाने रस्त्याने गेलो मट्टनचेरीला (रस्त्याने दहा-बारा किलोमीटर पडतं, दोन पूल ओलांडून, आणि ऑफिसच्या वेळेत गेलात तर संपलंच). आधी राजवाडा करू म्हटलं. तो पोर्तुगीजांनी बांधून राजाला दिलेला आणि नंतर डचांनी डागडुजी केली म्हणून नाव डच पॅलेस, आत भिंतींवर अख्खं रामायण रंगवलेलं आहे, आईला तेच बघायचं होतं. दाराला कुलूप. शुक्रवारी बंद. बरं, मग मसाल्यांच्या गल्लीत फिरलो, जेवलो, जेवताना तो कोमट गुलाबी पाण्याचा ग्लास आला, आईला वाटलं सरबत आहे, घोट घेतला आणि म्हणाली यात साखर घालायची विसरलेत. ते पतिमुखम नावाच्या झाडाच्या लाकडाच्या ढलप्या घालून उकळलेलं पाणी असतं, तिकडे जेवणाबरोबर तेच देतात. जेवून सिनेगॉगला, म्हणजे ज्यू लोकांच्या प्रार्थनास्थळी गेलो तर तेही बंद. शुक्रवारी दुपारनंतर बंद, शनिवारी पूर्ण बंद.

आता मला सांगा, मी पनवेलची. आमच्या गावात बेने इस्रायलींचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचं सिनेगॉग आहे. आमच्या अख्ख्या रायगड जिल्ह्यात ज्यांना लोक पिढ्यानपिढ्या 'शनवार तेली' म्हणत आले, कारण ते शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या वारी, घाणा चालवत नसत, त्या जिल्ह्यातली बाई शनिवार तोंडावर असताना ज्यू लोकांचं देऊळ बघायला निघते. आई रिक्षात एवढंच म्हणाली, तुझ्या आजीला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं.

त्यामुळे माझा सल्ला हा की हॉटेल नंतर, आधी वार. मट्टनचेरी ठेवायची तर रविवार ते गुरुवार यातला दिवस पकडा, शुक्रवार-शनिवार फोर्ट कोचीतल्या पायी फिरण्याला ठेवा. आणि तरी निघायच्या आधी एकदा चेक करा, सणासुदीच्या सुट्ट्या वेगळ्या असतात.

शनिवारी सकाळी आम्ही एर्नाकुलमचं हॉटेल सोडलं आणि सामानासकट बोटीने पलीकडे गेलो. हे आधीच करायला हवं होतं. एर्नाकुलमच्या जेट्टीवरून सरकारी बोट सुटते, तिकीट दहा रुपयांच्याही आत, वीस-पंचवीस मिनिटं. बोट जुनी, लाकडी बाकं, इंजिनचा धडधडाट, शेजारी ऑफिसला जाणाऱ्या बायका डबा मांडीवर घेऊन मोबाइल बघताहेत आणि बाहेर एक कंटेनरचं जहाज एवढं जवळून चाललंय की त्याच्या अंगावरचा गंज दिसतोय. २०२३ पासून वॉटर मेट्रोही आहे, एसी, बॅटरीवरची, आवाज नाही, कोचीन शिपयार्डमधेच बांधलेल्या बोटी, हायकोर्टच्या टर्मिनलवरून फोर्ट कोचीला जाते. आईला गुडघ्यांमुळे ती सोयीची, कारण तिचा धक्का आणि बोट एका पातळीत येतात, जुन्या बोटीत उडी मारल्यासारखं चढावं लागतं. मला विचाराल तर एकदा ही, एकदा ती.

फोर्ट कोचीत होमस्टे घेतला, प्रिन्सेस स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई, वर तीन खोल्या, सकाळी अप्पम आणि स्ट्यू. इथे राहायचा फायदा कळतो तो सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी साडेसहानंतर, जेव्हा बसने आलेली गर्दी नसते. परेड ग्राउंडभोवतीचे ते अवाढव्य पर्जन्यवृक्ष, पोरं फुटबॉल खेळताहेत, चर्चच्या घंटा, आणि सगळं चालत. तोटे पण सांगते. डास. कोचीचे डास म्हणजे आपल्या खाडीकाठच्या डासांचे मोठे भाऊ, मच्छरदाणी आहे का ते बुकिंगच्या आधी फोन करून विचारा, एसीपेक्षा ते महत्त्वाचं. रात्री दुकानं लवकर मिटतात, आणि नऊनंतर बोटीचा भरवसा धरू नका. समुद्रात पोहायची स्वप्नं असतील तर तीही नको, किनाऱ्यावर जलपर्णीचे हिरवे ढीग येऊन पडलेले असतात. बीचच हवा तर वायपीन बेटावर चेराईला जा, फोर्ट कोचीहून रो-रो मिळते, गाड्यांसकट माणसं घेऊन पाच मिनिटांत पलीकडे. दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीत बसला असाल तर घरच्यासारखं वाटेल.

बाकी ठिकाणांचं थोडक्यात. विलिंग्डनवर मोठी हॉटेलं आहेत, शांत आहे, पण चहा प्यायलाही गाडी काढावी लागेल. एअरपोर्टजवळ फक्त पहाटेची फ्लाइट असेल तरच, तिथून फोर्ट कोची चाळीसेक किलोमीटर आहे. एर्नाकुलम अगदीच टाकाऊ नाही, एक रात्र आणि सकाळची ट्रेन असेल तर तेच बरं.

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावरची चिनी मासेमारीची जाळी सगळेच बघतात, पण उभं राहून बघा, फोटो काढून पळू नका. एक भलंमोठं जाळं चार वाकवलेल्या वाशांना बांधलेलं, ते एका लांब लाकडी ओंडक्यावर तोललेलं, आणि मागच्या टोकाला दोरांना दगड बांधलेले, एकेका दोराला कमी-जास्त उंचीवर. एक माणूस ओंडक्यावरून तोल सांभाळत पुढे चालत जातो, त्याच्या वजनाने जाळं पाण्यात बुडतं. पाचेक मिनिटं जातात. मग चार-पाच जण मागून दोर ओढतात, दगड एकामागून एक खाली येऊन टेकतात आणि जाळं पाणी गाळत वर येतं. आम्ही बघत होतो तेव्हा त्यातून निघालं काय, तर ओंजळभर बारकी मासळी, एक खेकडा आणि पाण्याची एक प्लास्टिकची बाटली. मालवणात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) बघत वाढलेली माझी आई म्हणाली, एवढ्या लाकडाला एवढेच मासे? ते लोक तुम्हालाही दोर ओढायला बोलावतात, जरूर जा, पण नंतर पैसे मागतात हे माहीत असू द्या, आणि द्या, मासळीवर त्यांचं भागत नसणार हे दिसतंच.

जवळच सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा १५२४ मधे कोचीतच मेला, इथेच पुरला होता, १५३९ मधे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, आता नुसता दगड आहे. मला त्या दगडापेक्षा वरचे पंखे आवडले, दोरीने ओढायचे कापडी पंखे, दोर भिंतीतून बाहेर जातात, म्हणजे ओढणारा उन्हात आणि वारा आतल्यांना.

आणि हे कुठल्या रीलमधे दिसलं नाही म्हणून लिहिते. मट्टनचेरीजवळ चेरलाय म्हणून भाग आहे, तिथे तिरुमला देवस्वम हे गौड सारस्वतांचं मोठं व्यंकटेशाचं देऊळ. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाने गोव्यातून निघालेली ही माणसं, अजून घरात कोंकणी बोलतात. देवळाबाहेरच्या एका दुकानात केळ्याचे वेफर्स घेत होतो, आतल्या बाई त्यांच्या मुलीला काहीतरी बोलल्या, आणि आई थांबलीच. मला चारातला एक शब्द कळत होता, आईला तीन. तिने आपल्या मालवणीत सांगितलं, "आमी मालवणची". पुढची पंधरा मिनिटं दोघी आपापल्या भाषेत बोलत राहिल्या, मधेमधे हातवारे, आम्ही दोघं पिशव्या धरून उभे.

याच लोकांतले तीन वैद्य, रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट, यांनी डच गव्हर्नर व्हान रीडला मलबारच्या वनस्पतींचं प्रचंड पुस्तक करायला मदत केली. 'होर्तुस मलबारिकुस', बारा खंड, १६७८ पासून आम्स्टरडॅमला छापलं. त्यात या तिघांचा १६७५ मधला दाखला आहे, कोंकणीत, नागरी अक्षरांत. म्हणजे शिवाजी महाराज हयात असताना कोचीत बसून लिहिलेली आपली अक्षरं हॉलंडच्या पुस्तकात छापून आली. हे मला पन्नाशीजवळ येईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

रविवारी परत मट्टनचेरी. राजवाडा झाला, आईचं रामायण झालं, मग सिनेगॉग, १५६८ चं. चपला बाहेर काढायच्या, फरशी गार, निळ्या-पांढऱ्या चिनी टाइल्स, हाताने रंगवलेल्या, अकराशेच्या आसपास, वर काचेची झुंबरं. गाइड आपल्या ग्रुपला सांगत होता की यातल्या कुठल्याही दोन टाइल्स सारख्या नाहीत. आईने चष्मा पुसला आणि भिंतीच्या कडेपासून खाली बघत चालायला लागली. दहा मिनिटांनी मला हाक मारली, हळू आवाजात, गाइडला ऐकू जाऊ नये अशा बेताने, आणि पायाच्या अंगठ्याने दाखवलं, ही बघ एक, आणि तिकडे बाकाखाली दुसरी.