केळघर घाट, धुकं आणि मामांची ई-टाइप

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मामांनी जग्वारची चावी माझ्या हातावर ठेवली. सत्तरी उलटल्यावर घाटात आपण गाडी चालवायची नाही, हे त्यांचं त्यांनीच ठरवलंय. डावीकडे बसून भाच्याला शिव्या घालायच्या नाहीत, असं मात्र काही ठरलेलं नाही. बेत होता साताऱ्याहून मेढामार्गे केळघर घाट चढून महाबळेश्वर, आणि परत येताना पाचगणीहून पसरणी घाटाने वाई.

गाडी १९६३ची, ३.८ लिटर इंजिनाची ई-टाइप कूपे, म्हणजे पक्क्या छताची. लांबी साडेचौदा फूट, उंची जेमतेम चार फूट. चालवणारा जवळजवळ मागच्या चाकांपाशी बसतो. समोर बॉनेटचा मधला उंचवटा आणि दोन मडगार्डांच्या पाठी दिसतात. तिथून बॉनेट खाली उतरत जातं आणि नाक कुठे संपलं ते कळत नाही.

म्हणून आदल्या संध्याकाळी अंगणात मोजमाप केलं. मी सीटवर, मामा वीट घेऊन पुढे. नाकाला टेकवलेली वीट गाडीपासून लांब लांब सरकवत नेली, तेव्हा कुठे ती आठ फुटांवर मला दिसली. तुमची उंची वेगळी असेल तर आकडाही वेगळा येईल, म्हणून हे ज्याचं त्याने मोजावं. अंधार पडल्यावर दिवे लावून गाडी हळूहळू भिंतीजवळ नेली. भिंतीवरचे उजेडाचे गोल केवढे झाले की नाक हातभर अंतरावर येतं, ते डोळ्यांत बसवून घेतलं. पार्किंगला याचा फार उपयोग होतो. बुडाखाली गोधडीची घडी घालूनही पाहिली. जवळचा रस्ता थोडा जास्त दिसला, पण डोकं छताला लागलं आणि काचेची वरची कड नजरेच्या आड आली. गोधडी निम्मी उलगडली, तेव्हा जमलं.

मेढ्यात चहाला थांबलो. निघताना गिअर टाकला आणि टपरीवाला ओरडला, "ओ सायेब, कुत्रं हाय म्होरं!" खरंच, नाकापुढे चार फुटांवर एक काळं कुत्रं मुटकुळं करून झोपलेलं होतं. मला दिसणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून कुठेही थांबलो की निघण्याआधी गाडीला एक फेरी मारायची, असा नियम केला. मामा म्हणाले, "हे मी तुला दहा वर्षं सांगतोय." सांगितलं नव्हतं.

घाटाबद्दल माझा एक गैरसमज होता. मला वाटायचं, चढावर नाक वर होतं म्हणून कमी दिसतं. तसं नाही. सरळ चढावर रस्ताही गाडीबरोबरच वर जातो, आठाचे आठ फूटच राहतात. घात होतो तो चढ संपतो तिथे. नाक आभाळाकडे, रस्ता पलीकडे खाली, आणि मधे नुसतं निळं बॉनेट. अशा माथ्यावर पोचायच्या आधीच, लांबूनच, पुढचं वळण कुठल्या अंगाला जातंय ते विजेच्या खांबांवरून आणि झाडांवरून पाहून ठेवावं. मग दुसरा गिअर, हॉर्न, आणि डावी कड. डाव्या कडेचा हिशेब मामांकडे होता. "हातभर… वीतभर… आता गटार, लेका!" डावीकडे बसणारा माणूस या गाडीचा दुसरा डोळा आहे, त्याला झोपू देऊ नये. आणि त्याने "जरा इकडे, जरा तिकडे" न म्हणता माप सांगावं.

उजव्या वळणावर समोरून एसटी आली, तिचं चाक माझ्या कानाच्या उंचीला. तिच्या ड्रायव्हरने खाली वाकून पाहिलं, हसला आणि थांबून वाट दिली. प्रत्येक जण असा वाकून बघणार नाही. ट्रकच्या डाव्या अंगाला तर अजिबात रेंगाळू नका, तुमचं छत त्याच्या खिडकीच्या कितीतरी खाली असतं.

माथ्याच्या अलीकडे धुकं लागलं. इथे बुटक्या गाडीची आणखी एक अडचण कळली. या गाडीत डोळे आणि दिवे यांच्या उंचीत फारसा फरक नाही, त्यामुळे धुक्यावरून परतणारा उजेड थेट डोळ्यांत येतो. अप्पर, म्हणजे दिव्यांचा लांबचा झोत, लावला की समोर चुन्याची भिंत. जवळचा झोत, डिपरच ठेवला, तोही या गाडीत मिणमिणता, कारण दिवे तिरप्या काचेआड आहेत आणि त्या काचेला आतून दव धरतं. डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवून पंधराच्या वेगाने गेलो. मधल्या पट्टीचा आधार घेऊ नका, समोरचाही तीच धरून येत असतो.

काच आतून धुरकटली ती वेगळीच. हीटरचा वारा म्हणजे कुणीतरी लांबून फुंकर घालावी इतपत. दोन्ही खिडक्या दोन बोटं उघडल्यावर फरक पडला. काच आदल्या दिवशी व्हिनेगर आणि वर्तमानपत्राने आतून पुसावी, तेलकट थर गेला की दव कमी धरतं. मी फक्त बाहेरून पुसली होती.

महाबळेश्वरच्या अलीकडे वाहनांची रांग. ३.८च्या गाड्यांत वीज तयार करायला जुन्या पद्धतीचा डायनामो असतो, मंद इंजिनावरही वीज देणारा अल्टरनेटर नंतरच्या ४.२ लिटरच्या ई-टाइपपासून आला. इंजिन नुसतं घुरघुरत असलं की डायनामो काही देत नाही, दिवे, वायपर आणि पंखा सगळे बॅटरी पितात. बॅटरी भरतेय की रिकामी होतेय ते दाखवणाऱ्या ॲमीटरचा काटा उणेकडे झुकला, तिन्ही वायपर पेंगायला लागले. थांबल्यावर आरपीएम थोडे चढे ठेवले, हीटरचा पंखा बंद केला. चारही इंडिकेटर एकदम लागायची सोय गाडीत नाही, म्हणून टॉर्च आणि लाल त्रिकोण हाताशी ठेवा, डिकीत तळाला नको.

पाचगणीपासून पुढे लख्ख. पसरणी घाटाबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही.

वाईत गणपती घाटाकडच्या बोळांत गाडी नेली नाही, बाहेरच लावली आणि चालत गेलो. या गाडीचं नाक चौकात आठ फूट शिरल्यावर तुम्हाला आडवा रस्ता दिसतो, तोवर मोटरसायकलवाला येऊन थडकलेला असतो. इलाजच नसेल तर डावीकडच्या माणसाला उतरवून पुढे उभं करा.

परत आलो तर शेजारी एक ट्रक उभा. बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर उभी काठी, टोकाला लाल गोंडा. असली काठी आपल्या गाडीला लावू या, असं मी निघताना सुचवलं होतं, तेव्हा "गाडी आहे की नवरदेवाचा घोडा?" असं म्हणून मामांनी मला उडवून लावलं होतं. आता ते ट्रकपाशी जाऊन काठी हलवून बघत होते.

"कितीला बसते हो ही?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.