विष कुठल्या बाजूने आलं?

आलेख पडद्यावर आला आणि खोलीचा नूरच पालटला. जिवाणूचं विष घातलेल्या नळ्यांमध्ये बीटच्या पेशीपटलातल्या प्रोटॉन पंपाचं काम दुपटीच्या वर गेलं होतं, तेही तीन वेगवेगळ्या दिवशी. "म्हणजे विष थेट पंपालाच चेतवतंय," सर म्हणाले आणि त्याच वाक्याचं त्यांनी पेपरचं शीर्षक करून टाकलं. ज्याचं हे काम, तो आमचा पीएचडीचा विद्यार्थी इतका खुलला होता की मला लगेच तोंड उघडवेना. त्या नळ्यांमधली पटलं मी स्वतः तयार केली होती आणि ती किती चांगली निघाली होती ते मला ठाऊक होतं. अडचण नेमकी तिथेच होती.

विष म्हणजे सिरिंगोमायसिन. स्यूडोमोनास सिरिंगी हा जिवाणू ते बनवतो. लायलॅकचं शास्त्रीय नाव सिरिंगा, त्यावरून जिवाणूला हे नाव मिळालं. नऊ अमिनो आम्लांचं वेटोळं आणि त्याला जोडलेली मेदाम्लाची शेपटी, असा हा रेणू. वेटोळं पाण्यात रमतं, शेपटी चरबीत. म्हणजे बांधणी थेट साबणाच्या जातीची. आणि पंप म्हणजे वनस्पतीच्या पेशीपटलातलं सुमारे १०० किलोडाल्टनचं प्रथिन. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून ते प्रोटॉन बाहेर ढकलत राहतं. त्यातून पटलाच्या दोन बाजूंत शंभर मिलिव्होल्टच्या वर फरक टिकतो आणि पोटॅशियम, नायट्रेट, साखर यांची ने-आण त्यावर चालते. १९८७ साली बिडवाई आणि टाकेमोटो यांनी बीटच्या पेशीपटलांवर दाखवलं की सिरिंगोमायसिनमुळे पटलातल्या काही प्रथिनांवर जास्त फॉस्फेट चढतं. आमचा प्रश्न तिथूनच पुढचा: हे होतं कसं?

बीटच का, असं बाहेरचे नेहमी विचारतात. बीटच्या कंदात हरितलवकं नसतात, त्यामुळे त्यांची पटलं नमुन्यात मिसळत नाहीत. पण तो लाल रंग आणि फिनॉल छळतात. त्यासाठी वाटतानाच बफरमध्ये फिनॉल धरून ठेवणारं पीव्हीपी घालायचं, शिवाय प्रथिनं सांभाळणारे डीटीटी आणि पीएमएसएफ, आणि सगळं शीतखोलीत. मलमलीतून गाळायचं, कमी वेगावर मायटोकॉन्ड्रिया खाली बसवून टाकायचे, मग अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये उरलेली सगळी पटलं खाली आणायची. इथपर्यंत कुणीही पोचतं. खरी कसोटी पुढे आहे. पीईजी आणि डेक्स्ट्रॅन हे पाण्यात विरघळणारे दोन पॉलिमर, दोन्ही सहा-साडेसहा टक्के, एका नळीत घेतले की पाण्याचेच दोन थर पडतात. पेशीपटलाचे तुकडे वरच्या पीईजीच्या थरात जातात, बाकीचा बराचसा पसारा खाली राहतो. डेक्स्ट्रॅनची पूड हवेतली ओल धरते, म्हणून नुसत्या वजनावर विसंबून चालत नाही. टक्का अर्ध्याने चुकला तरी थर हवे तसे पडत नाहीत. नळी झटकायची नाही, तीस-चाळीस वेळा सावकाश उलटीपालटी करायची. वरचा थर दुधट दिसायला लागला की मला आजही बरं वाटतं.

वरच्या थरातले हे तुकडे आपोआप मिटून बारीक पिशव्या होतात आणि त्यातल्या बहुतेक सुलट असतात. पेशीची बाहेरची बाजू बाहेर, आतली आत. पंपाचं एटीपी धरणारं टोक पेशीत आतल्या बाजूला असतं, म्हणून इथे ते पिशवीत कोंडलं जातं. आपण नळीत एटीपी घालतो ते पिशवीच्या बाहेर राहतं. पटलं जितकी चांगली, तितका पंप झाकलेला आणि मोजमापात तितका मंद. अशा पिशव्यांवर साबणासारखा रेणू टाकला तर काय होईल? पिशवी गळेल, एटीपी आत शिरेल आणि जो पंप आधीपासूनच धडधाकट होता तो पहिल्यांदा दिसू लागेल. आलेखात मात्र ते पंप चेतल्यासारखंच दिसणार.

बैठक संपल्यावर मी त्या विद्यार्थ्याला विचारलं, "अरे, ब्रिज घातलेला कंट्रोल कुठे आहे?" ब्रिज म्हणजे प्रयोगशाळेतला एक साबण; तो घातलेली नळी तुलनेला हवी होती.

"ताई, तो बाकीच्यांच्या पेपरात तरी कुठे असतो?"

हे उत्तर अलीकडे मला फार ऐकू येतं आणि प्रत्येक वेळी त्रास देतं. पेपरात नाही म्हणजे गरज नाही, असं ही मुलं धरून चालतात, कारण आम्ही त्यांना पेपर वाचायला शिकवतो, नळीत काय चाललंय ते बघायला शिकवत नाही. पण राग त्याच्यावर धरण्यात अर्थ नव्हता. पटलं त्याच्या हातात देताना "या सुलट आहेत, एटीपीचं बघ" एवढं वाक्य मी बोलायला हवं होतं. मी बोलले नव्हते.

त्याच संध्याकाळी बसलो. उणे ८० अंशांच्या फ्रीजमधली पटलांची शेवटची नळी काढली. चार गट केले: नुसत्या पिशव्या, विष, ब्रिज-५८, आणि दोन्ही. प्रत्येक गटाला व्हॅनॅडेट घातलेली जोडनळी; ते पेशीपटलाचा पंप थांबवतं, म्हणजे त्याचा वाटा वेगळा काढता येतो. मायटोकॉन्ड्रियाचं काम बंद ठेवायला अझाइड, रिक्तिकेच्या पंपासाठी नायट्रेट. पंपाने एटीपी तोडल्यावर सुटलेलं फॉस्फेट मॉलिब्डेटच्या निळ्या रंगाने मोजायचं. ही रीत फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी १९२५ मध्ये बसवली आणि तिच्यावर माझा भारी जीव आहे. एकच पथ्य: काच धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट असू शकतं, म्हणून माझ्या नळ्या आम्लात धुतलेल्या आणि वेगळ्या ठेवलेल्या असतात.

रंग चढत गेला तसतसा तो गप्प होत गेला. नुसत्या पिशव्या फिक्या. विष गडद. ब्रिज त्याहून जरासा गडद. विष आणि ब्रिज एकत्र: ब्रिजइतकाच, एक कणही वर नाही. एकदा दार सताड उघडल्यावर विषाला करायला काही उरलंच नव्हतं. त्याने नळ्या उजेडाकडे धरून पुन्हा बघितल्या, मग वही मिटली आणि विचारलं, "सरांना कोण सांगणार?" मी सांगितलं. सरांना वाईट वाटलं, पण त्यांनी शीर्षक खोडलं, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

प्रकरण इथे मिटलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. दुसऱ्या दिवशी आम्ही बीटच्या जिवंत चकत्या घेतल्या, रात्रभर हवा सोडलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या पाण्यात धुतलेल्या, आणि विषाची मात्रा बरीच खाली आणली. पाण्यातलं पोटॅशियम चढू लागलं, पीएचही चढला, म्हणजे प्रोटॉन आत चालले होते. पाणी मात्र स्वच्छ राहिलं. बीटचा रंग रिक्तिकेत असतो; पेशी फाटल्या असत्या तर पाणी लाल झालं असतं. म्हणजे कमी मात्रेत हा रेणू साबणासारखा फाडत नाही, छिद्रं पाडतो. कृत्रिम पटलांवर ती छिद्रं मोजलेली आहेत, त्रिज्या जेमतेम एक नॅनोमीटर. पेशीबाहेरचं कॅल्शियम आतल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असतं. छिद्रातून ते आत आलं की कॅल्शियमवर चालणारे कायनेज जागे होणार आणि पटलातल्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवणार. ही गोष्ट जुळते. पण जुळते म्हणजे सिद्ध झाली असं नव्हे.

म्हणून फॉस्फरस-३२ लावलेलं एटीपी घेऊन, ॲक्रिलिकच्या ढालीआड बसून, पिशव्यांना कमी मात्रा देऊन जेल केलं; त्यात प्रथिनं आकारानुसार वेगळी होऊन पट्टे दिसतात. पंप काम करताना ॲस्पार्टेटवर जे तात्पुरतं फॉस्फेट धरतो ते आमच्या अल्कधर्मी जेलमध्ये टिकत नाही. फिल्मवर दिसतं ते सेरीन-थ्रिओनीन या अमिनो आम्लांवरचं, कायनेजने चढवलेलं. ईजीटीएने कॅल्शियम काढून घेतलेल्या रांगेत दोन पट्टे फिके पडले. १०० किलोडाल्टनजवळचा पट्टा तसाच राहिला. जेल एकच आहे, त्यावर मी पैज लावणार नाही.

कारण पेच पुन्हा तोच. कायनेजही पिशवीत कोंडलेले. ते पट्टे विषामुळे गडद झाले की विषाने एटीपीला वाट करून दिली म्हणून? ब्रिज वापरून पिशव्या उलट्या करता येतात, मग एटीपी थेट कायनेजपर्यंत पोचतं. पण तेव्हा विष पेशीच्या आतल्या बाजूने येतं आणि जिवाणू त्या बाजूने कधीच येत नाही. दोन्ही बाजूंची मेदद्रव्यं सारखी नाहीत. तिथे दिसलेलं इथे लागू पडेल असं कसं म्हणू? विष योग्य बाजूने द्यावं तर प्रथिन झाकलेलं, प्रथिन उघडं करावं तर विष चुकीच्या बाजूला. गेले तीन आठवडे मी यातच अडकले आहे.

उरतो तो एकच रस्ता: जिवंत चकत्यांनाच किरणोत्सारी फॉस्फेट द्यायचं, पेशींना त्यांचं एटीपी त्यांनीच बनवू द्यायचं, बाहेरून विष द्यायचं आणि मग पटल वेगळं करायचं. तिथे माझी सावकाश पद्धत आड येते. दिवसभर चालणाऱ्या तयारीत पेशीतली फॉस्फेटेज प्रथिनांवर चढलेलं सगळं फॉस्फेट उतरवून ठेवतील, त्यांना रोखायला फ्लोराइड घातलं तरी भरवसा नाही. काल तो विद्यार्थी एक कागद घेऊन आला. चकती उचलल्यापासून वाटण बर्फात जाईपर्यंत कुठे किती सेकंद जातात ते त्याने कोरड्या सरावात मोजलं होतं. खाली एक ओळ होती: "ताई, दोनदा थर पाडण्याऐवजी एकदाच पाडून भागेल का?" नमुना तितका शुद्ध राहणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. उद्या विष न घालता करून बघणार आहोत.