मामांच्या हातातली पिवळी कुपी

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेचं अ‍ॅनिमल हाऊस मी सांभाळते. आमच्याकडच्या न्यूड, म्हणजे बिनकेसांच्या उंदरांमध्ये रोगाशी लढणाऱ्या टी पेशी तयार होत नाहीत, त्यामुळे आपल्याला न जाणवणारा जंतूही त्यांच्या जिवावर उठतो. पिंजरा, पाण्याची बाटली, खाली अंथरायचा मक्याच्या बुरकुंडाचा चुरा, सगळं ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून, निघूनच आत जातं.

आमचा ऑटोक्लेव्ह 1997 चा. गास्केट बदल, व्हॉल्व्ह बदल, असं करत आम्ही तो ओढत होतो. एका सोमवारी आमच्या मदतनीस मामांनी, सामानासोबत वाफवून मग इन्क्युबेटरमध्ये उबवायला ठेवलेली स्पोअरची (चिवट जिवाणूबीजांची) चाचणी-कुपी काढली आणि माझ्यासमोर धरली. "मॅडम, ही पिवळी झालीय." कुपीतला द्रव जांभळा राहायला हवा, पिवळा झाला म्हणजे आतले स्पोअर जिवंत आहेत. मशीनच्या नोंदीच्या कागदावर मात्र 121 अंश, 30 मिनिटं, सरळ रेघ!

मशीनचा सेन्सर बसवलेला असतो ड्रेनपाशी, आणि कुपी होती लोडच्या, म्हणजे आत रचलेल्या सामानाच्या, मधोमध, चुऱ्यात खुपसलेली. हवा वाफेपेक्षा जड असते. सरळ ठेवलेल्या पिंजऱ्यात ती वाटीतल्या पाण्यासारखी तळाशी बसून राहते, आणि जिथे हवा तिथे वाफ पोचत नाही. हवा खेचून काढणारा व्हॅक्यूम आमच्या मशीनला नव्हताच. त्या दिवशी मी तो बंद केला. पुढचे महिने शेजारच्या संस्थेच्या ऑटोक्लेव्हमधून दुहेरी कापडात गुंडाळलेले पिंजरे गाडीने येत होते. मामा बाहेरचं कापड दारातच उतरवून घ्यायचे.

नव्या मशीनच्या खरेदीत सगळ्यात जास्त वेळ मी स्पेसिफिकेशनला दिला, आणि तो द्यायलाच हवा. टेंडरमध्ये जे लिहिलेलं नसतं, ते एल-वनकडून, म्हणजे सगळ्यात कमी दर भरणाऱ्याकडून, येत नाही. दोन्ही बाजूंना दार, दोन्ही दारं एकाच वेळी उघडणार नाहीत असं इंटरलॉक, वाफेआधी व्हॅक्यूमचे पल्स आणि आमच्याच भरलेल्या पिंजऱ्यांवर जागेवर व्हॅलिडेशन (मशीन खरंच जंतू मारतं का याची चाचणी), हे शब्द न् शब्द लिहिलं. पाण्याचं जवळजवळ विसरले होते. बोअरच्या पाण्याने जुन्या मशीनच्या हीटरवर बोटभर क्षार चढला होता, म्हणून आरओही त्यातच घातला.

मशीन आलं आणि दारातून जाईना. भिंत फोडावी लागणार होती. हादरे आणि आवाजाने व्यालेल्या माद्या बिथरून स्वतःची पिल्लं खातात. कंत्राटदाराला दोन दिवस थांबवून ठेवलं, ब्रीडिंगचे पिंजरे टोकाच्या खोलीत हलवले, प्लास्टिकचे पडदे चिकटपट्टीने बंद केले आणि मगच पहिला घाव घालू दिला. एकही वेत गेलं नाही, याचं समाधान मला नव्या मशीनइतकंच आहे.

व्हॅलिडेशनला तापमान मोजणारे बारा थर्मोकपल आणि वाफवण्याच्या लागोपाठ तीन सायकल. कुप्या मामांनी स्वतः ठेवल्या, तळातल्या कोपऱ्यातसुद्धा. दोन दिवसांनी सगळ्या जांभळ्याच होत्या. शेजारी मुद्दाम न वाफवता ठेवलेली एक तेवढी पिवळी, जशी व्हायला हवी तशी.

खाद्याची सायकल अजून बसवतोय. पहिल्या लोडमधल्या गोळ्या इतक्या कडक झाल्या, की नुकत्याच आईपासून वेगळ्या केलेल्या पिल्लांना त्या कुरतडता येईनात. शिवाय उष्णतेने थायमिन (जीवनसत्त्व बी-1) जातं ते वेगळंच. जादा जीवनसत्त्वं घातलेलं, ऑटोक्लेव्हसाठीच बनवलेलं खाद्य मागवलंय. ते गुरुवारी येईल.