‘दर्याराजा’च्या अक्षरांखालचा पत्रा

जुलैचा शेवटचा आठवडा आमच्या गॅरेजला फार घाईचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळी आणि बर्फ वाहणाऱ्या गाड्याही जागच्या जागी उभ्या राहतात. बंदी उठायला आठवडा राहिला की सगळ्यांना एकदम ब्रेक, टायर, पत्रा आठवतो. रत्नागिरीत डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्यानं तेव्हा गिऱ्हाइकाकडे बघायचं की पावसाकडे, हा रोजचा प्रश्न असतो.

अशाच एका सकाळी एक पिकअप आला. मालक पोरगेलाच, पण कामाचा. म्हणाला, “काका, रंग तेवढा मारून द्या. प्रायमरपर्यंत सगळं माझं झालंय.”

खरंच बरंच केलं होतं त्यानं. हौद्याचा मागचा फाळका पार सडला होता, तो मे महिन्यात काढून नव्या पत्र्याचा बसवून घेतला होता. बाजूंचा गंज तारेच्या ब्रशनं खरवडला होता. पुढे बंदी, म्हणजे दोन महिने कमाई नाही, रंगाला पैसे कुठून आणणार? म्हणून राखाडी प्रायमरचे, म्हणजे रंगाखाली मारायच्या पहिल्या थराचे, स्प्रेचे डबे आणले आणि अख्खा हौदा स्वतःच मारला. गाडी घरासमोर उघड्यावर उभी. फाळका बोडका बरा दिसेना म्हणून त्यावर निळ्या ऑइल पेंटनं, जाड ब्रशनं ‘दर्याराजा’ लिहून घेतलं होतं. रंग मारताना पुन्हा लिहू, तोवर नाव तरी असू दे, असा विचार.

लांबून गाडी छान दिसत होती. राखाडी रंग एकसारखा, कुठे पापुद्रा नाही, फुगवटा नाही. फक्त पत्र्याच्या जोडांपाशी किंचित तांबूस झाक होती. मी थिनरमध्ये चिंधी भिजवून फाळक्याच्या कोपऱ्यावर फिरवली. दोन-तीन हातांत प्रायमर चिंधीवर आला आणि खालचा पत्रा दिसला. नवा कोरा पत्रा, मे महिन्यात बसवलेला, आणि त्यावर बारीक तपकिरी ठिपक्यांची दाटी. नख फिरवलं तर खरखरीत लागत होतं.

पोराचा चेहरा उतरला. “पण प्रायमर तर गंजासाठीच असतो ना?”

मी काही बोललो नाही. अक्षरांवर थिनर लवकर चालत नव्हता, म्हणून तिथे १८० नंबरचा पॉलिश पेपर लावला. निळा थर गेला, त्याखालचा राखाडी गेला, आणि पत्रा निघाला तो स्वच्छ, चकचकीत. पुढचं अक्षर घासलं, तेही तसंच. सगळं नाव घासून आणि भोवतालचा प्रायमर थिनरनं काढून झाल्यावर आम्ही दोघं मागे सरकून बघत राहिलो. तांबूस फाळक्यावर ‘दर्याराजा’ रुपेरी अक्षरांत उभा होता. काने, रफार सगळं जसंच्या तसं. ब्रश जिथे जिथे फिरला होता तिथे गंज नाही, ब्रशच्या कडेपासून लगेच गंज सुरू. पत्रा तोच, प्रायमर तोच, पाऊस तोच. फरक फक्त वरच्या ऑइल पेंटचा.

इतक्या वर्षांत मी गिऱ्हाइकांना हे तोंडानं सांगत आलोय, पण इतका स्पष्ट पुरावा माझ्याही समोर कधी आला नव्हता. वर्कशॉपमधल्या पोरांना हातातलं काम सोडून बोलावलं आणि दाखवलं.

डब्यातला साधा प्रायमर हा मातीच्या माठासारखा असतो, बाहेरून घट्ट, पण पाझरणारा. त्यात रंगद्रव्य आणि भरणीची पावडर जास्त, बांधून ठेवणारं राळेसारखं द्रव्य कमी. ते मुद्दाम तसं असतं, कारण वर येणाऱ्या रंगाला पकडायला खडबडीत जागा लागते आणि घासायलाही सोपं जातं. त्यातून डब्याच्या बारीक तोंडातून उडायचं म्हणजे माल पातळच हवा, त्यामुळे एका हातात बसणारा थर फार कमी. दोन-चार दिवसांत वर रंग पडणार असेल, किंवा घासताना उघडा पडलेला एखादा ठिपका झाकायचा असेल, तर तो डबा उत्तम काम करतो, मीही वापरतो. पण तोच शेवटचा थर म्हणून पावसात ठेवला की पाणी हळूहळू आत जातं आणि थेट पत्र्यावर बसतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, शिवाय समुद्राची खारी हवा. नुसता उघडा पत्रा असता तर गंज चौथ्या दिवशी दिसला असता आणि पोरानं काहीतरी केलं असतं. प्रायमरनं तो झाकून ठेवला, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

हौद्याच्या बाजूंना तर आणखी वाईट अवस्था होती. तिथे मासळीच्या पाण्याचं मीठ जुन्या गंजाच्या खड्ड्यांत होतंच. ब्रशनं गंज निघतो, मीठ निघत नाही. ते गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. प्रायमरखाली राहिलेलं मीठ ओल ओढून घेतं. खालच्या पट्टीत दोन ठिकाणी स्क्रूड्रायव्हर आरपार गेला, तेवढा पत्रा कापून नवा टाकला.

१ ऑगस्टला गाडी जेटीवर हवीच होती. आणि पैशांची अडचण तीच, त्यामुळे पूर्ण रंग शक्य नव्हता. मी त्याला म्हटलं, “रंग दिवाळीला करू. आत्ता एपॉक्सी मारतो, त्यावर गाडी चालव.” तो एकदम दचकला. “परत प्रायमरच?”

प्रायमरच, पण हार्डनर घालून मारायचा. दोन भाग मिसळले की आपसात जोडले जाऊन घट्ट, बंद थर होतो. वाळल्यावर थिनरची चिंधी फिरवली तरी सहज सुटत नाही. खर्च डब्यांपेक्षा जास्त, पूर्ण रंगापेक्षा बराच कमी.

पण भर पावसात ते मारणं म्हणजे परीक्षाच. धुतलेला पत्रा या हवेत बघता बघता पुन्हा तांबूस व्हायला लागतो. गंज काढायचं लिक्विड लावून, धुऊन, लगेच हॅलोजन लावले. पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत स्प्रे गन हातात घेतली नाही. गार पत्र्यावर न दिसणारं दव बसतं आणि त्यावर मारलेलं काहीच टिकत नाही. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी दर थोड्या वेळानं सोडत होतो, नाहीतर तेच गनमधून पत्र्यावर येतं. जोडांच्या आत ब्रशनं भरलं, दोन हात मारले, रात्रभर दिवे चालू ठेवले. पोरगा स्वतः थांबला होता, दिवे सरकवत.

गाडी परत आली ती दिवाळीआधी. मी आधी जोड बघितले, मग खालची पट्टी. वरच्या काठांवर उन्हानं एपॉक्सी खडूसारखा पांढुरका झाला होता, बोटाला पावडर लागत होती. ऊन त्याला सोसत नाही, तेवढं धरूनच चालायचं. गंज मात्र कुठेच नव्हता. इतके दिवस उलटल्यावर थेट रंग मारला तर तो पकडत नाही, म्हणून सगळा हौदा ३२० नंबरनं घासून घेतला आणि मग निळा मारला.